सहा रिव्हेट आणि त्यांच्याखालची जमीन

मी, कमलाकर विश्वनाथ दाणी, वय बाहत्तर, धंदा लोखंडी बांधकामाचे नक्षे काढणे, हल्ली नुसतेच खिडकीत बसणे, राहणार यवतमाळ, हा कागद माझ्या हाताने लिहितो आहे. डोकं शाबूत आहे. डॉक्टरांनी तसा दाखला दिला आहे. माझा पुतण्या सदाशिव याला तो पटत नसेल तर त्याने डॉक्टरांशी भांडावं. मला कोणी धमकावलेलं नाही, कोणी पाजलेलंही नाही. सन १९५५ साली केलेलं मृत्युपत्र रद्द समजावं. त्याचं अक्षर चांगलं होतं, एवढाच त्याचा गुण.

कलम १. देहाचं काय करायचं ते करावं, पण शोकसभा भरवू नये. भरली की कोणीतरी मला समाजाचा आधारस्तंभ म्हणणार. मी जन्मभर खांब काढले. उंची किती, जाडी किती हे न विचारता कोणालाही स्तंभ म्हणणं मला मेल्यावरही सहन व्हायचं नाही.

कलम २. राहतं घर सदाशिव व त्याची पत्नी चि. सौ. शीला यांना दोघांच्या नावे. मागच्या अंगणातलं रामफळ माझ्या कै. पत्नीने, कुंदाने लावलेलं आहे. ते तोडलं तर घर शीलाचं एकटीचं. शीलाला शिवाय माझं मराठी चौथीचं पुस्तक. मी कविता म्हणायला लागलो की सदाशिवला बाजारात काम आठवतं. ही पोर भाजी निवडता निवडता ऐकते, आणि मी चरण विसरलो तर पुढचा सांगते. आमच्या मास्तरांनी आम्हाला भुजंगप्रयात बाकावर बोटं आपटून शिकवला. पन्नास वर्षांनी माझी माणसं त्याच ठेक्यावर रिव्हेट ठोकत. लोखंड लाल असतं तोवर दोन चरण होत, तिसऱ्याला ते काळं पडे. असं घड्याळ पुढे कुठे मिळालं नाही.

कलम ३. लोहाऱ्याच्या रस्त्यावरचा कारखाना, म्हणजे त्याची शेड, आठ खांब, छप्पर तोलणाऱ्या चार लोखंडी कैच्या, वरचे पत्रे, भाता, भोकं पाडायचं यंत्र, घण, सांडश्या आणि भिंतीवरचं बंद पडलेलं घड्याळ, हे सर्व माझे जोडारी श्री. डोमाजी उकंडा मनवर, राहणार लोहारा, यांना देतो. सदाशिवचा बेत मला ठाऊक आहे. तिथे सरकीचं गोदाम करायचं आणि डोमाजीला हार घालून घरी बसवायचं. मी वर गेल्यावर दुसऱ्या दिवशी हार विकत आणला जाईल. म्हणून हा कागद.

कलम ४. डोमाजीला का, हे लिहिणं भाग आहे. कारण ते मी कुठेच सांगितलेलं नाही.

सन १९५७ साली नेरला श्रीमती मथुराबाई यांच्या जिनाची, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्याची, शेड आम्ही उभारली. नऊ कैच्या. प्रत्येक कैचीच्या तळाशी पाच इंची पट्टी आडवी जाते. छताच्या वजनाने कैचीचे पाय फाकू पाहतात. ही पट्टी त्यांना आवरून धरते. ती सतत ताणलेली असते, आणि मधोमध तिला जोड असतो. मी जोडाच्या दोन्ही बाजूंना सहा-सहा रिव्हेट दाखवले. तीन-तीनच्या दोन ओळी, पलटण उभी असावी तसे. नक्षा काढताना कविता गुणगुणत होतो. कोणती, ते लिहीत नाही. तिचा काय दोष?

डोमाजीने नक्षा पाहिला आणि म्हणाला, "साहेब, तीन भोकं एका रांगेत पाडले त पट्टी राह्यली किती?"

"पाच इंच."

"भोकाइतलं लोखंड त गेलं न. आता अडीचच उरली. तुम्ही पाच मोजून राह्यले."

खांबात हे चालून जातं. तिथे दाब असतो आणि रिव्हेट भोक भरून काढतो. ताणात भोक ते भोकच. पहिल्या वर्षाचा विद्यार्थी हे सांगतो. मी दहा माणसांदेखत म्हणालो, "डोमाजी, तू घण मार. गणित माझ्याकडे राहू दे."

त्याने घण उचलला. भोकं मात्र त्याने स्वतःच्या डोक्याने पाडली. जोडाकडे येताना आधी एक, मग दोन, मग तीन. रिव्हेट तेच सहा. पण पट्टीवर पुरा ताण असतो तिथे आता एकच भोक. दोन-तीन येईपर्यंत मागच्यांनी आपापला वाटा उचललेला. नऊही कैच्यांना तसंच. वर चढवल्यावर मथुराबाईंनी मान वर केली. त्यांची नजर गिधाडाची आहे. हे कौतुक समजावं.

"दाणी, नक्षात त असं नव्हतं."

डोमाजी शिडीवर होता. मी म्हणालो, "मीच बदलायला सांगितलं."

एवढंच. पाच शब्दही नाहीत.

पुढे एकसष्टच्या वैशाखात वावटळ आली. शेजारच्या गोदामाचं छप्पर बाभळीत जाऊन बसलं, जिनाचं जागचं हललं नाही. आत सत्तर बाया कापूस वेचत होत्या. त्या जेवणाच्या सुट्टीत बाहेर आल्या आणि शेजारचं छप्पर कुठे गेलं म्हणून विचारू लागल्या. मला शाल-नारळ मिळाला. मी भाषणही केलं.

कलम ५. जिनाच्या दारावर 'संकल्पक : क. वि. दाणी' अशी पितळी पाटी आहे. ती काढून डोमाजीच्या नावाची लावावी. खर्च माझ्या पोस्टातल्या खात्यातून. या कलमाची नक्कल मथुराबाईंना रजिस्टर पोस्टाने पाठवावी. त्यांनी खांब पाहून मला विचारलं होतं, "हे खांब होत का उदबत्त्या? जिन बांधून राह्यले का देवपूजा?" खांब बारीक दिसतात, पण वाकणार नाहीत, ते गणित मी तीनदा केलं होतं. खांबांपुरती मला आजही माफी मागायची नाही.

कलम ६. शाल डोमाजीला. नारळ आम्ही खाल्ला. खुर्चीबद्दलही लिहितो. छपन्नच्या ऑक्टोबरात डोमाजी नागपूरहून दीक्षा घेऊन आला. त्याआधी तो माझ्या ओट्याखाली उभा राहून बोले. त्या दिवशी जयभीम म्हणत आत आला आणि बसला. खुर्ची मी पुढे केली असं मी गावभर सांगत आलो. ते खोटं आहे. त्याने ती स्वतःच ओढली. मी फक्त उठून गेलो नाही.

कलम ७. वर ज्याचा उल्लेख नाही अशी माझी सर्व स्थावर-जंगम मालमत्ता सदाशिवला.

येथे कागद संपला होता. चौथं कलम खरं उतरलं का, हे पाहायला मी आज डोमाजीला बोलावून सगळं वाचून दाखवलं. त्याने डोळे मिटून ऐकलं. शाल आली तेव्हा थोडं हसला. मग म्हणाला, "साहेब, खांब मले देले, कैच्या देल्या. ते उभे कायवर हायेत?"

"जमिनीवर."

"ते जमीन कोणाले देली?"

मी तिसरं कलम पुन्हा वाचलं. त्यात घड्याळ होतं, सांडश्या होत्या. मग सातवं वाचलं.

"सदाशिवभाऊ म्हणन, डोमाजी, आपले खांब उचला न जा," डोमाजी म्हणाला. "अन् कायद्यानं बराबर म्हणन."

"तू आधी काहून नाही सांगितलं?"

"तुम्ही आता वाचलं न. आधी सांगतलं असतं त म्हटलं असतं, घण मार."

म्हणून,

कलम ८. हे कलम सर्वांच्या तळाशी आहे, पण वरची सगळी यावर उभी आहेत, असं समजावं. कारखान्याखालची व भोवतालची साठ फूट बाय चाळीस फूट जमीन, विहिरीच्या पाण्याच्या हक्कासह, श्री. डोमाजी उकंडा मनवर यांना. सातव्या कलमातून ती वजा धरावी. वजा धरायला मी एकदा विसरलो होतो.

अंमलबजावणी पंजाबराव काळबांडे यांनी पाहावी. ते माझ्याशी बुद्धिबळात हरतात, पण चाल परत घेत नाहीत.

डोमाजी साक्षीदार नाही; ज्याला मिळतं त्याने साक्ष देऊ नये असा रिवाज आहे. हा कागद त्याने दोनदा ऐकला, दुसऱ्यांदा भोक सापडलं नाही, त्यानंतरच मी सही करतो आहे. तो माझ्यासमोर खुर्चीत बसला आहे. या वेळी खुर्ची मी पुढे केली. खालील दोघांनी माझी सही पाहिली, आणि तेही पाहिलं.

सही : कमलाकर विश्वनाथ दाणी

साक्षीदार :
१. पंजाबराव गोविंदराव काळबांडे, शेजारी
२. सेवादास रामजी राठोड, शिक्षक (खुर्ची खरोखर साहेबांनीच दिली. से. रा.)

यवतमाळ, दिनांक ९ फेब्रुवारी १९६४