मशीनवरचा हात

अमळनेर, रविवार संध्याकाळ

...कपडे पिळताना मशीन जोरात फिरू लागली की मांडणीवरचे पेले वाजायचे. मी पोळ्या लाटता लाटता यांना हाक मारायची. हे पेपर वाचतच उठायचे, मशीनवर एक हात दाबून उभे राहायचे. म्हणायचे, "तुनी मशीन पयी चालनी व्हती," जशी काही ती दारातून पळूनच चालली होती.

आज आठवलं ते वैशालीच्या फोनमुळे. लेक पुण्यात इंजिनिअर आहे, सध्या एका मोठ्या सभागृहाच्या गॅलरीचं काम करतेय.

"आई, लोक गाण्यावर एका ठेक्यात उड्या मारतात, तेव्हा अख्खी गॅलरी झुलायला लागते. म्हणून आम्ही खाली स्प्रिंगला वजन टांगतो. गॅलरी एकीकडे गेली की ते उलटं ओढतं, हादरा स्वतःवर घेतं."

"म्हणजे तुझ्या बाबांचा हात."

ती हसली. मग म्हणाली, "मशीन लावतेस का गं?"

"एकटीच्या दोन साड्यांना कशाला मशीन?"

खरं म्हणजे हे गेल्यापासून ते पेले वाजूच नयेत असं वाटतं. वाजले तर हाक कुणाला मारू?

सोमवार.
चादरी काढून मशीन लावली. पेले वाजू लागले तशी पोळी अर्धी टाकून गेले आणि मशीन थांबेपर्यंत तिच्यावर हात ठेवून उभी राहिले.