साहेबांच्या सोबतीला

२ फेब्रुवारी
छावणीच्या हॉलमध्ये कुटुंबांच्या गटाची बैठक. सगळ्या बायका आणि मी एकटा पुरुष! त्यांचे नवरे तैनातीवर, माझी लेक. गट चालवणाऱ्या नर्सबाईंनी विचारलं, कोणाच्या घरी वाईट बातमी द्यायची वेळ आली तर छावणीतल्या साहेबांच्या सोबतीला आपल्यातलं कोण जाईल? परक्या माणसाच्या तोंडून एकटीने ऐकायला लागू नये, म्हणून. सगळ्या खाली बघायला लागल्या. मी हात वर केला. शिलाईचं दुकान घरातच आहे, कधीही उठून जाता येतं.

९ फेब्रुवारी
लेकीचा फोन. जेवलात का, गोळ्या घेतल्या का – मी विचारायचं ते सगळं तीच विचारते.

२१ फेब्रुवारी
वेळ आली. साहेब गाडी घेऊन दुकानापाशी आले. पोरसवदा आहेत, वाटभर घसा खाकरत होते. गटातल्या शिक्षिकाबाईंचं घर. बाईंनी दार उघडलं, साहेबांकडे बघितलंच नाही. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "काका, तुम्ही चुकून आलात ना?"
मी म्हणालो, नाही.
गॅसवर दूध वर येत होतं, ते बंद केलं. एवढंच काय ते माझं काम. मग त्यांची बहीण येईपर्यंत बसून राहिलो. घरी आल्यावर सुईत दोरा काही केल्या जाईना. रडलो.

४ मार्च
दुकानाकडे गटातलं कोणी फिरकत नाही. बैठकीतल्या चष्मेवालीने नवऱ्याचा कोट शिवायला टाकला होता. तो परत येईल तेव्हा घालायला म्हणून. दहा दिवस झाले तयार आहे. म्हटलं आपणच नेऊन द्यावा. बेल वाजवली. तिने दार उघडलं, मला बघितलं आणि मुलाला घेऊन मटकन खाली बसली. मी कोट वर धरून सांगतोय – कोट आणलाय, फक्त कोट! तिला ऐकूच जाईना. शेजारीण धावत आली आणि मला वाट्टेल ते बोलली. बरोबरच बोलली. निदान आधी फोन तरी करायचा! अक्कल कुठे गहाण टाकली होती कोण जाणे. कोट तसाच परत आणला.

७ मार्च
बैठकीत माझ्या दोन्ही बाजूंच्या खुर्च्या रिकाम्या. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय! पांढऱ्या पायाचा झालो म्हातारपणी. राग येतो – मी काय कोणाचं घोडं मारलंय? बायको गेल्यापासून आठवड्यातून एकदाच चार माणसांत बसायचो, तेही गेलं. नर्सबाई बाजूला घेऊन म्हणाल्या, हवं तर दुसऱ्या कोणाला सांगू. विचार करतो म्हणालो.

१३ मार्च
लेकीला फोनवर सांगून टाकलं, सोडतोय ते काम. ती म्हणाली, "नका सोडू, बाबा. इथे सगळ्यांना तेवढाच धीर असतो. आपल्या घरी निदान ओळखीचं माणूस जाईल म्हणून."
हिच्यापुढे माझं कधी चाललंय! नर्सबाईंना कळवलं, राहतो म्हणून.

१९ मार्च
चष्मेवाली कोट न्यायला आली. शिलाईचं कौतुक केलं, उन्हाबद्दल बोलली, जायला वळली आणि दारातच थांबली. "काका, तशी वेळ आलीच, तर तुम्हीच या. दुसरं कोणी नको."
हो म्हणालो. कसलं हे वचन! ती गेल्यावर मशीन चालवावंसं वाटेना. तरी आज खूप दिवसांनी पोटभर जेवलो.

२१ मार्च
बैठक. चष्मेवाली येऊन माझ्या शेजारी बसली. मूल माझ्या मांडीवर दिलं आणि चहा आणायला गेली. मग बाकीच्याही सरकल्या थोड्या थोड्या. शिक्षिकाबाईही आल्या होत्या, त्या दिवसानंतर पहिल्यांदाच.

२६ मार्च
सकाळी साहेबांची गाडी आली. मागच्या सीटवर नर्सबाई दिसल्या. बरं झालं, आज दोघं आहोत, असं मनात आलं. गळ्यातला टेप काढून ठेवला, चपला घातल्या, दाराला कुलूप लावायला घेतलं. साहेबांना विचारलं, कोणाकडे जायचंय?
साहेबांनी टोपी काढली. म्हणाले, "काका, आत चला."