जिनिव्हात चाखलेली खळ

छावणी, छत्रपती संभाजीनगर
बुधवार, १२ फेब्रुवारी

तीर्थरूप आईस शालूचा नमस्कार. कोकरं सगळी जगली का? तुझा गुडघा कसा आहे?

हनुमानदादा, हे पत्र ओट्यावर बसून मोठ्यानं वाच. फोनवर आई सगळं एकटीच ऐकते आणि पोटात ठेवते, म्हणून लिहायला बसले.

आई, आपण जिंकलो.

दादाला अर्धं माहीत आहे. पिशोरची घोंगडी ज्या देशात विकली जाते, त्या देशानं नवा नियम काढला होता. लोकरीच्या कापडावर रसायनाचा लेप असेल तर माल बंदरावरूनच परत. धागा ताठ राहावा म्हणून लावतो ती आपली चिंचोक्याची खळ त्यांनी रसायनात धरली. असे नियम करताना आपल्यासारख्या विकसनशील देशांच्या अडचणी ध्यानात घ्यायच्या, असं जागतिक व्यापाराच्या करारात लिहिलेलं आहे. पण त्याची आठवण करून द्यायला कोणीतरी लागतं. सरकारच्या वकिलांमध्ये ते काम माझ्याकडे होतं.

जिनिव्हातल्या बैठकीत समोर बसलेले त्या देशाचे साहेब फार सभ्य. सवलत म्हणजे भीक घातल्यासारखं गोड बोलत होते. मला राग आला. मी म्हणाले, ही मेहेरबानी नाही, तुम्हीच सही केलेलं कलम आहे. शेजारी आफ्रिकेतल्या एका देशाच्या वकीलबाई होत्या, त्यांचंही कापड याच नियमात अडकलेलं. त्यांनी माझी पाठ थोपटली.

मग साहेबांनी विचारलं, हा लेप निर्धोक कशावरून? अहवाल समोर होते. पण मला घरातलं एक वाक्य आठवलं, "खळ जिभंला कळती, डोळ्याला नाय." मी पिशवीतून घोंगडी काढली, टोक तोंडात घातलं आणि चघळलं. आमचे मोठे वकील पांढरेफटक पडले. तेवढ्यात त्या वकीलबाई उठल्या, दुसरं टोक चाखलं आणि म्हणाल्या, आमच्याकडे कंदाची असते, पण चव हीच. मग समोरचेही हसले. नंतर लेखी आलं. झाडापासून केलेली खळ नियमाबाहेर, आणि बाकीच्या अटींसाठी आपल्यासारख्या देशांना जास्तीची मुदत. मी खोलीत एकटीच नाचले.

ती घोंगडी कुठली, तुला ठाऊक आहे. माझ्या लग्नात नवरानवरीला बसवायला विणलेली. मी आत्याच्या राजकुमारला नाही म्हटलं तेव्हा ती माळ्यावर गेली, आणि घरातलं एक माणूस माझ्याशी बोलेनासं झालं. दिल्लीला निघाले तेव्हा तू ती गुपचूप माझ्या पिशवीत कोंबलीस. त्या नकाराचं मला आजही वाईट वाटत नाही. राजकुमार संसारात सुखी आहे, मी कामात.

बैठक संपल्यावर साहेबांनी विचारलं, ही कोणी विणली? 'विणकर गटानं' म्हणायचं ठरलं होतं. मी म्हणाले, माझ्या वडलांनी, पिशोरच्या सूर्यभान यांनी. किती वर्षांनी ते नाव मोठ्यानं घेतलं. डोळे भरले आणि मान ताठ झाली.

माझ्या दातांनी टोक उसवलंय. कामासाठी शनिवारपर्यंत इथं छावणीत थांबले आहे; रफू करणारे पुष्कळ आहेत, पण मी कोणाला हात लावू दिला नाही. रविवारी सकाळच्या एसटीनं येते.

दादा, इथं थांब. कागद अण्णांच्या हातात दे.

अण्णा, टोक तुम्हीच विणा, खळ मी लावते. रागवायचं असेल तर खुशाल रागवा, पण तोंडानं.

तुमचं नाव जिनिव्हात सांगून आलेली,
तुमचीच शालू