पालथा बगळा

१२ जानेवारी १९५४, मंगळवार

काल फर्गसला पुरलं. आणि त्याच्या बायकोने, लिलियसने, जेवणाच्या टेबलावर चमचे पालथे मांडले!

माझा एकुलता एक भाऊ मातीखाली गेला. पाद्रीबुवा डोळे टिपत सूप पीत होते. माझं मात्र सगळं लक्ष त्या बारा चांदीच्या चमच्यांवर. किनलॉय घराण्याचे चमचे, दोनशे वर्षांचे. दांड्याच्या पुढच्या बाजूला आमचं कुलचिन्ह कोरलेलं — चोचीत मासा धरलेला बगळा. ते दिसावं म्हणून कोरतात ना? पण ही बया लग्न होऊन आली तेव्हापासून, म्हणजे तीस वर्षं, ते पालथेच मांडते. बगळा टेबलक्लॉथवर तोंड खुपसून पडलेला. मी सगळ्यांदेखत माझा चमचा उताणा केला. लिलियसने पाहिलं, पण बोलली नाही. तिचं हे न बोलणंच मला झोंबतं.

१४ जानेवारी

तिच्याकडे गेले. कोटही काढला नाही, सरळ मुद्द्यावर आले. म्हटलं, “चमचे हवेत. आईने ते मला कबूल केले होते.”

“ग्रिझेल, घड्याळ ने. चहाचा सेट ने. हवं तर दोन्ही ने. चमचे राहू देत.”

“का म्हणून?”

“मी ते माझ्या हाताने घासते. दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाही. सवय झालीय.”

सवय म्हणे! आमच्या घरात मोलकरणी चांदी घासायच्या. ही मोलकरणीचं काम करते आणि वर मालकी सांगते. चहाबरोबर स्कोन, तिच्या हातचे गोड पाव, पुढे केले, ते मी खाल्ले नाहीत. (वासावरून चांगले झाले होते.)

१९ जानेवारी

लिलियसचा तोरा कशाच्या जोरावर, ते एकदा लिहूनच ठेवते. ही माहेरची गॉर्थी. एके काळी टेकडीवरचा मोठा वाडा त्यांचा, खालची सगळी शेतं त्यांची. माझे आजोबा त्यांचे कारभारी. वीस वर्षं आजोबांनी त्यांची इस्टेट सांभाळली, तरी ते बुडाले. वाड्यातल्या चीजवस्तू गाडीवर चढवून नेल्या तेव्हा हिचा बाप पाळण्यात होता. आज त्यांच्याकडे उरलंय काय? तर बापाची एक अंगठी, तीच ही करंगळीत घालते. तिच्यावर त्यांचं कुलचिन्ह — शिकारी कुत्र्याचं डोकं, तेही एक कान फाटलेलं! लहानपणी फर्गस आणि मी त्या कुत्र्याची नक्कल करून लोळायचो. आणि पुढे तोच मुलगा तिच्याशी लग्न करून बसला.

आमचे चमचे मात्र दोनशे वर्षांपूर्वी, कलोडनच्या लढाईच्या वेळी, शिपाई लुटतील म्हणून विहिरीत लपवलेले. आई प्रत्येक नाताळला ही गोष्ट सांगायची.

२३ जानेवारी

आईचं पत्र सापडलं! तिच्या शिवणाच्या पेटीत, तळाशी. “चमचे फर्गसपाशी राहतील, त्याच्यामागे ग्रिझेलचे.” स्वच्छ तिच्या अक्षरात. लगेच वकिलांकडे गेले. टलकसाहेबांनी पत्र दोनदा वाचलं, चष्मा पुसला.

“मिस किनलॉय, कागद तुमच्या बाजूचा आहे. पण एका विधवेला नोटीस पाठवायची, तीही महिन्याभराच्या आत? गावात बोभाटा होईल.”

“होऊ दे.”

“एकदा बसून बोलून पाहा ना. त्या समजूतदार आहेत.”

समजूतदार! जो तो तिचीच आरती ओवाळतो. नोटीस पाठवायला सांगून आले.

३१ जानेवारी, रविवार

चर्चमध्ये लिलियस पुढच्याच बाकावर होती. खोकत होती, वाळली आहे. मला बरं वाटलं. इथे तरी खोटं कशाला लिहू?

९ फेब्रुवारी

मार्मलेड करत होते, हात संत्र्याने चिकट झालेले, तेवढ्यात पोस्टमन पेटी घेऊन आला. बाराच्या बारा चमचे! प्रत्येक वेगळा, जुन्या फ्लॅनेलमध्ये गुंडाळलेला. सोबत चिठ्ठी —

“ग्रिझेल, घे. भांडायचं बळ आता नाही. एवढंच सांगते, मागची बाजू फार घासू देऊ नकोस. लि.”

हरली ती हरली, वर मलाच शिकवते! चिठ्ठी चुलीत टाकली. नादात मार्मलेड खाली लागलं.

१० फेब्रुवारी

जिंकले.

१७ फेब्रुवारी

शनिवारी पाद्रीबुवा, टलकसाहेब आणि डॉक्टर, सगळ्यांना सपत्नीक जेवायला बोलावलंय. लिलियसलाही बोलावलं, मुद्दामच. तीस वर्षांनी बगळा उताणा झालेला तिने डोळ्यांनी बघावा. ती येते म्हणाली. आवाजात राग नव्हता, त्यामुळे माझी अर्धी मजा गेली.

आता कामवाल्या पेट्रीबाई तापाने आडव्या. विचारायला त्यांच्या दारात गेले.

“पेट्रीबाई, चांदी घासतात कशी?”

“अगं बाई! तुम्ही घासणार?” तापातही हसल्या. “खडूची पूड घ्या, मऊ फडकं घ्या. जवळ धरून हाऽ करून वाफ सोडायची, मग घासायचं. आणि मिस ग्रिझेल, हातमोजे काढा, नाहीतर आठवडा लागेल.”

२० फेब्रुवारी, शनिवार सकाळ

साठी उलटल्यावर पहिल्यांदा चांदी घासायला बसले. खोलीत कडाक्याची थंडी. पुढची बाजू झाली, बगळा चकचकीत. चमचा उलटा केला. मागे दांडा जरासा दबलेला लागला, बोटालाच कळेल इतका. हाऽ केलं.

वाफेत कुत्रा उमटला. शिकारी कुत्र्याचं डोकं. एक कान फाटलेला.

वाफ विरली तसा गेला. पुन्हा हाऽ केलं, पुन्हा आला. दुसरा चमचा घेतला. मग तिसरा. बाराही चमच्यांवर तोच कुत्रा. कुणीतरी तो घासून काढलाय आणि पुढच्या बाजूला आमचा बगळा बसवलाय. कुणीतरी काय — आजोबांनीच. विहीर, लढाई, सगळं खोटं.

फडकं हातात तसंच धरून लिलियसला फोन लावला. नमस्कार-चमत्कार काही नाही.

“तुला कधी कळलं?”

 ती नेहमीच्याच आवाजात म्हणाली, “या घरातल्या पहिल्याच जेवणाला. सूप यायच्या आधी.”