प्रीमियरचं बोलावणं

टेमघर, भिवंडी

आई, तुझ्या आणि बाबांच्या पाया पडतो.

मी बरा आहे, वेळेवर जेवतो. बचत गटाच्या नाटकात तू फौजदार होणार म्हणून गोडाऊनवरची माझी जुनी वॉचमनची टोपी पाठवतोय. सैल झाली तर आत रुमाल घाल.

धाकट्या उन्नतीने नाटकाच्या बोर्डावर 'प्रीमियर' का लिहिलं, असं तू फोनवर विचारलंस. अगं, प्रीमियर म्हणजे अगदी पहिला खेळ, खास बोलावलेल्या माणसांसाठी. त्यानंतरचे नुसते प्रयोग. शब्द सिनेमावाल्यांचा, पण तुमच्या नाटकालाही शोभतो. शनिवारी प्रीमियरच्या वेळी माझी ड्युटी आहे, म्हणून मी रविवारच्या प्रयोगाला येईन.

बाबा अजून गप्पच आहेत का? बायको टोपी घालून स्टेजवर जाणार म्हणून ते चिडलेत, असं तू म्हणतेस. मला नाही तसं वाटत. तू अख्ख्या वाडीला घरोघर जाऊन बोलावलंस. बाबांना बोलावलंस का?

टोपीत एक पाकीट आहे. त्यात बाबांच्या नावाची पत्रिका आहे: 'आपण आल्याशिवाय पडदा उघडणार नाही.' अक्षर माझं आहे, पण खाली जागा मोकळी ठेवलीय.

सही तू कर.

तुझा,
दीपेश