नाकाची मशीन

किमयाचे बाबा,

मी अष्टमी गावाला आईकडे चालले. भात कुकरमध्ये हाय, आमटी गरम करून घ्या.

झोपेत तुमचा श्वास थांबतो, म्हणून पेणच्या डॉक्टरने नाकाला लावायला मशीन दिली. वजन उतरवा, कुशीवर झोपा, हेपण सांगितलं. त्यातलं तुम्ही काय केलंत? मशीन उचलून कारखान्यात नेलीत आणि तिच्या हवेवर गणपतींचे आखलेले डोळे सुकवलेत! आता नळीत रंग आणि प्लास्टरची भुकटी बसलीय. ती नाकाला लावायची सोय नाय.

श्वास अडकला की कोपराने ढोसून तुम्हाला जागं करणारी मी होते. आज बाजूला गणपती घेऊन झोपा. डोळे चांगले सुकलेत त्याचे. तुमचा श्वास थांबला की बघत बसेल.

नम्रता