दिवाणखान्यातले मासे

३ फेब्रुवारी १९७९

आली एकदाची माशांची पेटी! लोखंडी अँगलची चौकट, चारी बाजूंना काच, सांध्यांत पाणी गळू नये म्हणून लांबी भरलेली. दोन हमालांनी दिवाणखान्यात आणून ठेवली आणि घाम पुसला आमच्या मालकांनी! गुळाच्या सौद्याला मुंबईला गेले होते, तिथं कुणा शेटजींच्या घरी मासे बघितले. झालं! मी लग्नापासून शिलाई मशीन मागतेय. मुंबईच्या शेटजींकडं ते नसतं वाटतं.

सासूबाई, म्हणजे अक्का, किंचाळल्याच — "मासं? जैनाच्या घरात?"

"खायाला न्हवं अक्का, बघायला!" मालक म्हणाले.

सासरे तात्यासो म्हणाले, "कोंडलेला जीव बघून कसलं सुख लागतंय?" म्हणाले, आणि चष्मा लावून पेटीभोवती तीनदा फिरले.

४ फेब्रुवारी

गळते.

७ फेब्रुवारी

लांबी पुन्हा भरली. आज रेती धुतली — मी. बादलीवर बादल्या, तरी पाणी गढूळच. मालक खुर्चीत बसून, "अजून एकदा धू की." छंद त्यांचा, कंबर माझी!

पेटीतलं पाणी दुहेरी फडक्यातून गाळून ओतायचं, असा तात्यासोंचा हुकूम. पाण्यातले बारीक जीव मरू नयेत म्हणून. म्हणजे माशांनाही आता गाळीव पाणी.

८ फेब्रुवारी

मासे आले. जोतीराम मासेवाल्यानं प्लॅस्टिकच्या पिशव्यांतून आणले — दोन सोनेरी, काही काळे मोली, रंगीत शेपट्यांचे गप्पी. गल्ली लोटली बघायला. चहा कुणी केला, ते लिहायला नकोच.

१० फेब्रुवारी

दोन्ही सोनेरी गेले.

११ फेब्रुवारी

पाणी दुधासारखं पांढरं. जोतीराम आला, वास घेतला, म्हणाला, "पाणी आधी मुरवायचं असतंय की! नव्या पाण्यात एकदम एवढी मासं सोडत्यात व्हय?" हे ज्ञान मासे विकताना त्याला आठवलं नाही. रोज थोडंच पाणी बदला म्हणाला, आणि खायला जिवंत लाल किडे दिले.

तात्यासोंनी किडे बघितले मात्र — "ह्या घरात जिवाला जीव घालायचा न्हाय!" किडे जोतीरामाबरोबर परत. आता माशांना भाजलेल्या डाळीचं पीठ, तेही सूर्य मावळायच्या आत. बिचारे महिन्याभरात बस्तीत जिनदेवाच्या दर्शनालाही येतील.

२६ फेब्रुवारी

पाणी नितळ झालं. उरलेले सगळे जगले.

दुपारी घर झोपलं की मी पेटीसमोर बसते. कुणाला सांगणार नाही, पण बरं वाटतं. एक काळी मोली पोटानं फुगलीय. हळू हळू फिरते, कोपरा धरून राहते.

५ मार्च

मोलीला पिल्लं झाली! टाचणीएवढी. आणि आईच मागं लागून खायला लागली! मी धावत चहाची गाळणी आणली, सापडतील तेवढी उचलून बरणीत टाकली.

शेजारच्या चिमणाबाई बघायला आल्या. अक्का त्यांना म्हणाल्या, माझ्यासमोरच — "मासळीला बी हुत्यात. आमच्यात चार वरसं झाली, काय न्हाय."

चार वर्षं. कुरुंदवाडच्या वैद्याचे काढे, उपास, डॉक्टरांच्या तपासण्या. माझ्याच. "मी धडधाकट हाय," एवढ्यावर मालकांची तपासणी संपली होती.

मालक पीठ टाकत होते. वर बघितलं नाही.

९ मार्च

मालकांसाठी शिरोळची मुलगी आहे म्हणे. अक्कांच्या भावाच्या ओळखीतली.

"चंदना बी ऱ्हाईल की. तिला कोण हाकलतंय?" हे अक्का माझ्याविषयी. केवढं हे मन! मी म्हटलं, दुसरं लग्न कायद्यात बसत नाही. तर म्हणाल्या, "कागद कोण बघतंय?"

तात्यासो पेपरात तोंड घालून. मी मालकांना सरळ विचारलं, तुमचं म्हणणं काय?

"पाणी बदलायला झालंय," म्हणाले.

१० मार्च

सगळ्यांसमोर सांगितलं — मुलगी बघायला जायच्या आधी मिरजेच्या डॉक्टरांकडं. ह्या वेळी दोघं. मालकांनी हातातला घास ताटात ठेवला. अक्का म्हणाल्या, "पुरुषाला कसलं तपासत्यात?"

तात्यासोंनी पेपर खाली ठेवला. "जाऊन या."

मला वाटलं, मालक चिडतील. चिडले असते तर बरं झालं असतं. ताट सारून उठले, हात धुतला.

१२ मार्च, जयसिंगपूर

काल दार लावून मालकांनी सांगितलं. दोन वर्षांपूर्वीच मिरजेला गुपचूप तपासून आलेत. दोष त्यांच्यात आहे. दोन वर्षं मी काढे पीत होते आणि हे समोर बसून बघत होते.

"अक्काला सांगू नगंस," म्हणाले.

मी दार उघडलं आणि सांगितलं. मोठ्यानं.

आज सकाळच्या एसटीनं माहेरी आले. परत जायचं की नाही, ते मी ठरवीन. स्टँडपर्यंत तात्यासो आले होते. बॅग मला उचलू दिली नाही.